हायडेलबर्ग

हायडेलबर्ग : जर्मनीच्या बाडेन-व्यूर्टेम्बर्ग राज्यातील नेकार नदीकाठचे विद्यापीठ-शहर व पर्यटनस्थळ. लोकसंख्या सु. १.६ लाख, क्षेत्रफळ सु. १०९ चौ. किमी. ओडेनवाल्डच्या डोंगरांतून वाट काढत आलेली नेकार नदी येथे मैदानात उतरते आणि सु. २० किमी.वर मानहाइम येथे ऱ्हाईनला मिळते. जुने शहर नदीच्या डाव्या म्हणजे दक्षिण तीरावर, क्योनिगश्टूल (५६८ मी.) हा डोंगर आणि पाणी यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत वसले आहे. समोर उत्तर तीरावर हायलिगेनबर्ग हा डोंगर आहे. जागेच्या या अडचणीमुळे जुन्या शहराला आडवे पसरता आले नाही. त्यामुळे किल्ला, चर्च, पूल व विद्यापीठ एकमेकांपासून पायी जाण्याच्या अंतरावर आहेत आणि दोन दिवसांच्या मुक्कामात ते नीट पाहून होतात.

इतिहास : शहराचा पहिला लेखी उल्लेख ११९६ चा आहे. पॅलॅटिनेट या संस्थानाच्या इलेक्टर (सम्राटाच्या निवडणुकीत मताचा हक्क असलेले राजे) घराण्याची ही राजधानी होती. या घराण्यातील पहिल्या रूपरेख्तने १३८६ मध्ये येथे विद्यापीठ स्थापन केले. आजच्या जर्मनीतील ते सर्वांत जुने होय. इलेक्टर दुसरा कार्ल १६८५ मध्ये निपुत्रिक वारला. त्याची बहीण फ्रान्सचा राजा चौदावा लुई याची भावजय असल्याने लुईने तिच्या नावाने वारसाहक्क सांगितला. त्यातून उद्भवलेल्या युद्धात फ्रेंच फौजांनी १६८९ व १६९३ मध्ये किल्ला सुरुंगांनी उडवला आणि शहर जाळले. रस्त्यांची जुनी आखणी मात्र कायम राहिली व तिच्यावरच बरोक शैलीतील घरे उभी राहिली. इलेक्टरांनी १७२० मध्ये राजधानी मानहाइमला हलवली. दुसऱ्या महायुद्धात शहराला बाँबहल्ल्यांची झळ फारशी लागली नाही.

किल्ला : तांबड्या वालुकाश्मातील हा किल्ला शहराच्या वर सु. ८० मी. उंचीवर आहे. एका काळात बांधलेली ही वास्तू नसून अनेक इलेक्टरांनी आपापल्या आवडीने बांधलेल्या इमारतींचा हा समूह आहे. ओट्टहाइनरिख इमारत सोळाव्या शतकाच्या मध्यातील प्रबोधनकालीन शैलीची आहे. तिची पुतळ्यांनी सजलेली दर्शनी भिंत तेवढी शिल्लक आहे आणि चौकात उभे राहिल्यास वरच्या खिडक्यांतून आभाळ दिसते. शेजारच्या फ्रीडरिख इमारतीवर (१६०१–०७) घराण्यातील पूर्वजांचे पुतळे आहेत. सुरुंगाने फुटलेल्या बुरुजाचा एक प्रचंड तुकडा आजही खंदकात कलंडलेला आहे. भिंतीची जाडी तेथे उघडी पडलेली दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस किल्ला पुन्हा बांधावा की भग्नावस्थेतच जपावा, यावर मोठा वाद झाला. कलेतिहासकार गेओर्ग डेहिओ यांनी पुनर्बांधणीला विरोध केला. शेवटी फ्रीडरिख इमारत तेवढी दुरुस्त झाली आणि बाकीचे अवशेष तसेच राखण्यात आले. तळघरात १७५१ मधील लाकडी मद्यपिंप आहे. त्याची क्षमता सु. २.२ लाख लिटर असून त्याच्या माथ्यावर जिन्याने जाता येते. औषधनिर्मितीचे संग्रहालयही किल्ल्यातच आहे.

जुने शहर : हाउप्टश्ट्रासे हा सु. १.६ किमी. लांबीचा मुख्य रस्ता बहुतांशी पादचाऱ्यांसाठी राखीव आहे. बाजारचौकातील हायलिगगाइस्ट चर्चमध्ये १७०६ पासून १९३६ पर्यंत मधोमध भिंत होती. एका बाजूला कॅथलिकांची, तर दुसऱ्या बाजूला प्रॉटेस्टंटांची उपासना चाले. समोरचे ‘रिटर’ हे घर (१५९२) १६९३ च्या आगीतून बचावले. नेकारवरील जुना दगडी पूल इलेक्टर कार्ल टेओडोरने १७८६–८८ मध्ये बांधला. आधीचा पूल १७८४ च्या बर्फाच्या पुरात नष्ट झाला होता. मार्च १९४५ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने या पुलाच्या कमानी उडवल्या. १९४७ मध्ये तो पुन्हा उभा राहिला. विद्यापीठाची विद्यार्थी-कोठडी आवर्जून पाहण्याजोगी आहे. रात्रीचा गोंगाट, दंगामस्ती अशा गुन्ह्यांसाठी विद्यापीठ १९१४ पर्यंत विद्यार्थ्यांना येथे डांबत असे. कोंडलेल्यांनी काजळीने रेखाटलेल्या आकृत्या, नावे आणि तारखा यांनी भिंती छतापर्यंत भरून गेल्या आहेत.

विद्या व भारतसंबंध : रोबेर्ट बुन्सेन व गुस्टाफ किर्खहॉफ यांनी येथे वर्णपटाच्या साहाय्याने सीझियम (१८६०) व रुबिडियम (१८६१) ही मूलद्रव्ये शोधली. कवी मुहम्मद इक्बाल १९०७ मध्ये येथे राहिले होते. नदीकाठच्या एका रस्त्याला त्यांचे नाव दिले आहे. विद्यापीठाच्या दक्षिण आशिया संस्थेत (स्थापना १९६२) गुंथर सोन्थायमर (१९३४–९२) अध्यापन करीत. बिरोबा, म्हसकोबा व खंडोबा या दैवतांवरील आणि धनगरांच्या मौखिक परंपरेवरील त्यांचे संशोधन महाराष्ट्राच्या लोकधर्माच्या अभ्यासात पायाभूत मानले जाते.

मुक्कामाची आखणी : फ्रँकफुर्ट विमानतळापासून शहर सु. ८० किमी. असून रेल्वेने साधारण तासाभरात पोचता येते. मुख्य स्थानक जुन्या शहरापासून दोन किमी.हून अधिक दूर असल्याने तेथून बस किंवा ट्रॅम घ्यावी. पहिल्या दिवशी सकाळी, गर्दी होण्याआधी, कोर्नमार्क्टवरून दोररेल्वेने किल्ल्यावर जावे. तिच्या तिकिटात चौक, पिंप व औषध-संग्रहालय यांचा प्रवेश धरलेला असतो. आतील दालने मार्गदर्शकाबरोबरच पाहता येतात व त्यासाठी वेगळे तिकीट लागते. दोररेल्वेच्या वरच्या टप्प्यावर १९०७ चे लाकडी डबे अजूनही धावतात. दुपार जुन्या शहराला द्यावी आणि उन्हे कलल्यावर पुलावरून उत्तर तीरावर जाऊन श्लांगेनवेग या चढणीच्या वाटेने फिलॉसॉफेनवेग या पायवाटेवर पोचावे. तेथून दिसणारी किल्ल्याची शहराकडची बाजू उत्तराभिमुख आहे. उन्हाळ्यात मावळतीचे ऊन तिच्यावर पडते, म्हणून ही वाट संध्याकाळची. चढ खडा असल्याने गुडघेदुखी असणाऱ्यांनी नदीकाठावरूनच किल्ला पाहावा. दुसरा दिवस श्वेट्झिंगेनच्या राजवाडा-उद्यानाकडे किंवा बोटीने नेकारश्टाइनाखच्या चार किल्ल्यांकडे जाण्यास पुरतो. बोटी हिवाळ्यात नियमित चालत नाहीत. रविवारी दुकाने आणि सोमवारी काही संग्रहालये बंद असतात, त्यामुळे या दोन दिवसांचाच मुक्काम शक्यतो टाळावा.