दूषित हवेचा हिशेब

अर्धांगवायु हा शब्द आपल्या घरांतील वडील माणसांच्या तोंडीं आजहि आहे. माणूस बोलतां बोलतां अडखळतो, तोंड एका बाजूस वांकडें होतें, हातांतील पेला गळून पडतो, आणि घटकाभरापूर्वी चालताफिरता असलेला मनुष्य अंथरुणास खिळतो. या रोगाचें नांव आपण वायूवरून ठेविलें. आयुर्वेदांतील वात हा शरीराच्या आंतील दोष होय. बाहेरच्या वाऱ्याशीं किंवा धुराशीं त्याचा संबंध प्राचीन वैद्यांनीं जोडला होता, असें म्हणणें म्हणजे त्यांच्या पदरीं नसतें श्रेय बांधणें होईल. तथापि या रोगाचीं कारणें शोधतां शोधतां बाहेरच्या हवेकडेहि बोट दाखविण्याची पाळी आधुनिक वैद्यकावर आली, ही गोष्ट मोठी लक्षणीय आहे. दोन-चार दिवस हवा बिघडली, तर तेवढ्याच दिवसांत मेंदूचा झटका येण्याचा संभव वाढतो काय? या प्रश्नाचें उत्तर कसें मिळालें, आणि तें मिळण्यास इतका काळ कां लागला, हें आज आपणांस सांगावयाचें आहे.

या कथेचा आरंभ सतराव्या शतकांत होतो. त्या शतकाच्या मध्यावर अवघ्या पांच वर्षांच्या अवधींत युरोपांत तीन ग्रंथ प्रसिद्ध झाले. १६५८ सालीं योहान याकोब वेप्फर या स्विस वैद्यानें झटक्यानें मेलेल्या माणसांच्या मेंदूंची तपासणी करून दाखविलें कीं, या रोगाचें मूळ मेंदूंतील रक्ताच्या अभिसरणांत आहे. कधीं रक्त वाहिनीबाहेर सांडतें, तर कधीं वाट अडून तें पुढें पोंचत नाहीं. १६६१ सालीं जॉन एव्हलिन या इंग्रज गृहस्थानें लंडनच्या धुरावर एक लहानसें पुस्तक लिहून तें दुसऱ्या चार्ल्स राजास सादर केलें. दगडी कोळशाच्या धुरानें नगरजनांचीं फुप्फुसें नासत आहेत, तरी धुराचे धंदे शहराबाहेर न्यावे, अशी त्याची विनंती होती. आणि १६६२ सालीं जॉन ग्राँट या लंडनच्या व्यापाऱ्यानें तेथील साप्ताहिक मृत्युपत्रकें तपासून, माणसें कशानें आणि किती मरतात याचें गणित मांडलें.

एकानें मेंदू पाहिला, दुसऱ्यानें धूर पाहिला, तिसऱ्यानें मोजदाद केली. या तीन गोष्टी एकत्र आणल्यावांचून आपल्या प्रश्नाचें उत्तर मिळणें शक्य नव्हतें. आणि त्या एकत्र येण्यास सुमारें साडेतीनशें वर्षें लागलीं. राजानें एव्हलिनचें पुस्तक स्वीकारलें. धूर होता तसाच राहिला.

मधल्या काळांत धुराविषयीं लोकांची तक्रार नव्हती असें नाहीं. परंतु ती तक्रार मुख्यतः घाणीची होती. धुरानें कपडे काळे होतात, भिंती डागाळतात, घसा खवखवतो. आपल्याकडेहि बंगालमध्यें १९०५ सालीं आणि मुंबईंत १९१२ सालीं धुरासंबंधीं जे कायदे झाले, ते धुराच्या 'उपद्रवा'चे कायदे म्हणूनच झाले. हा शब्द ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. शेजाऱ्याच्या घरचा गलबला हा उपद्रव होय. त्यानें त्रास होतो, पण त्यानें कोणी मरतो असें आपण समजत नाहीं. धुराचीहि गणना त्याच वर्गांत होत होती.

ही समजूत प्रथम हादरली ती बेल्जममध्यें. म्यूझ नदीचें खोरें अरुंद असून त्याच्या दोन्ही अंगांस टेकड्या आहेत आणि तळाशीं कारखान्यांची दाटी होती. १९३० च्या डिसेंबरच्या आरंभीं तेथें वारा पडला, धुकें दाटलें, आणि कारखान्यांचा धूर त्या खोऱ्यांत कोंडला गेला. थोड्याच दिवसांत सुमारें ६० माणसें मृत्युमुखीं पडलीं. चौकशींत भाग घेणाऱ्या झां फिर्के या वैद्यानें पुढें हिशेब करून असा इशारा दिला कीं, हाच प्रसंग लंडनवर गुदरला, तर सुमारें ३,२०० माणसें एकाएकीं मरतील. १९४८ च्या ऑक्टोबरांत अमेरिकेंतील डोनोरा या लहानशा गांवीं तसेंच धुकें कोंडलें आणि २० माणसें दगावलीं. इशारा दुसऱ्यानें मिळाला होता.

तिसरा प्रसंग लंडनचाच होता. १९५२ च्या ५ डिसेंबर रोजीं त्या शहरावर धुकें उतरलें आणि ९ तारखेपर्यंत हललें नाहीं. एरव्हीं जमिनीलगतची हवा उबदार असते, वरची थंड असते. त्यामुळें धूर वर जातो आणि पांगतो. त्या दिवसांत हा क्रम उलटला. थंड हवा खालीं राहिली आणि उबदार हवेचा थर तिच्यावर झांकणासारखा बसला. कडाक्याच्या थंडीमुळें घरोघरच्या शेगड्या दिवसरात्र पेटलेल्या. त्यांत जळणारा कोळसा हलक्या प्रतीचा. तो धूर आणि गंधकाचा वायु या झांकणाखालीं सांचत गेला. रस्त्यांत पुढचा माणूस दिसेना. बसगाड्या बंद पडल्या. धुकें नाट्यगृहांत शिरल्यामुळें चालू खेळ थांबवावा लागला. पशुप्रदर्शनासाठीं आणलेल्या धष्टपुष्ट गुरांपैकीं कांहीं गुदमरून दगावलीं. माणसांच्या मरणाची वार्ता मात्र कोणास लागली नाहीं, कारण माणसें आपापल्या घरीं आणि इस्पितळांत एकेकटीं मरत होतीं.

वार्ता लागली ती आंकड्यांवरून. १३ डिसेंबरला संपलेल्या आठवड्यांत बृहत् लंडनमध्यें ४,७०३ मृत्यु नोंदले गेले. त्याच्या आदल्या वर्षीं त्याच आठवड्यांत ते १,८५२ होते. आरोग्यमंत्री इयन मॅक्लाउड यांनीं हे आंकडे पार्लमेंटांत सांगितले, तेव्हां ऐकणारे थक्क झाले. पुढें सरकारी हिशेबानें या धुक्याचे बळी सुमारें ४,००० ठरले. जानेवारी आणि फेब्रुवारींतहि मृत्युसंख्या चढीच राहिली होती. ती इन्फ्ल्युएंझाच्या खातीं टाकण्यांत आली. जवळजवळ पन्नास वर्षांनीं, २००१ सालीं, मिशेल बेल आणि डेव्ह्रा डेव्हिस या दोन विदुषींनीं ते जुने आंकडे पुन्हां तपासले, तेव्हां इन्फ्ल्युएंझानें एवढा मोठा आंकडा भरून निघत नाहीं आणि खरे बळी सुमारें १२,००० असावेत, असें दिसून आलें.

या अनर्थांतून सर ह्यू बीव्हर यांच्या अध्यक्षतेखालीं समिति नेमली गेली, आणि १९५६ सालीं ब्रिटनमध्यें शुद्ध हवेचा कायदा झाला. एव्हलिनच्या विनंतीस २९५ वर्षांनीं मान मिळाला. परंतु मेंदूचा प्रश्न अद्याप कोणीं विचारलाच नव्हता. १९५२ च्या मृतांत श्वासनलिकेच्या दाहाचे रोगी सर्वांत अधिक होते, आणि त्यांच्या खालोखाल हृदयाच्या रोग्यांचीहि संख्या पुष्कळ वाढली होती. जो खोकत खोकत मेला त्याच्या मरणाचा संबंध हवेशीं जोडणें सोपें होतें. परंतु जो म्हातारा न्याहरी करतां करतां एका कुशीवर कलंडला, त्याचा संबंध कोण जोडणार? त्याचें वय झालें होतें, त्याचा रक्तदाब वाढलेला होता, त्याची घटका भरली होती. घरच्या माणसांचें आणि वैद्याचें एवढ्यानेंच समाधान होत असे.

काळा धूर गेला, तशी हवा स्वच्छ झाली अशी लोकांची समजूत झाली. मागें उरलें तें डोळ्यांना न दिसणारें. मोटारी, वीजघरें, चुली आणि भट्ट्या यांतून निघणारे अडीच मायक्रॉनांहून बारीक कण केसाच्या जाडीच्या तिसाव्या हिश्श्याहूनहि लहान असतात आणि फुप्फुसांच्या अगदीं तळापर्यंत पोंचतात. हे कण रोज मोजण्याचीं यंत्रें आलीं, इस्पितळांच्या रोजच्या नोंदी संगणकावर चढल्या. तेव्हां कोठें ग्राँटच्या मोजदादीस एव्हलिनचा धूर आणि वेप्फरचा मेंदू हीं दोन्ही लाभलीं.

तरीहि एक अडचण होती. झटका आलेल्या मनुष्याची तुलना करावी कोणाशीं? शेजाऱ्याशीं करावी, तर शेजारी विडी ओढत असेल किंवा वयानें तरुण असेल. १९९१ सालीं माल्कम मॅक्लुअर या संशोधकानें यावर एक सुबक तोड काढली. रोग्याची तुलना त्याच्या स्वतःशींच करावी. समजा, एखाद्या गृहस्थास मंगळवारीं झटका आला. तर त्या मंगळवारची हवा आणि त्याच महिन्यांतील इतर मंगळवारांची हवा ताडून पाहावी. वय तेंच, संवयी त्याच, घर तेंच. बदललेली असते ती हवा. असें हजारों रोग्यांच्या बाबतींत केलें आणि झटक्याचे दिवस वारंवार वाईट हवेच्या दिवसांशीं जुळूं लागले, तर तो योगायोग म्हणतां येत नाहीं.

मग पुरावा सांचूं लागला. २००२ सालीं दक्षिण कोरियांतील सोलहून वृत्त आलें कीं, हवा बिघडलेल्या दिवसांत रक्तवाहिनी तुंबून होणाऱ्या झटक्याचे मृत्यु वाढतात. २०१२ सालीं बोस्टनच्या १,७०५ रोग्यांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. झटक्याच्या आधींच्या चोवीस तासांत हवा सरकारी मापानें 'चांगली' नसून 'मध्यम' असली, तर संभव ३४ टक्क्यांनीं अधिक दिसला, आणि सूक्ष्म कणांचा परिणाम बारा ते चौदा तासांच्या आंत सर्वांत तीव्र होता. ही मध्यम हवा कायद्याच्या मर्यादेंतीलच होती, हें विसरतां कामा नये. २०१५ सालीं २८ देशांतील १०३ अभ्यासांचा एकत्रित हिशेब झाला. त्यांत घनमीटरमागें सूक्ष्म कण १० मायक्रोग्रॅमनें वाढल्यास झटक्यामुळें इस्पितळांत येणें किंवा मरणें सुमारें १ टक्क्यानें वाढतें असें आढळलें; आणि हा परिणाम त्याच दिवशीं सर्वांत ठळक होता.

हें घडतें कसें? १९९५ सालीं अँथनी सीटन व त्यांचे सहकारी यांनीं असा तर्क मांडला कीं, अतिसूक्ष्म कणांनीं फुप्फुसांत दाह उत्पन्न होतो आणि त्यामुळें रक्त गोठण्याची प्रवृत्ति वाढते. २००२ सालीं टोरोंटो येथें २५ निरोगी माणसांना केवळ दोन तास सूक्ष्म कण आणि ओझोन यांनीं युक्त हवा श्वासावाटे दिली, तेव्हां त्यांच्या दंडांतील रोहिणी आकुंचित झाल्याचें मोजतां आलें. रक्त गोठण्यास उत्सुक व्हावें आणि वाहिन्या अरुंद व्हाव्या, असा दुहेरी योग जमल्यावर आधींच झिजलेल्या एखाद्या वाहिनीस दुसरें निमित्त लागत नाहीं. निरोगी मनुष्य त्यांतून सुखरूप पार पडतो. जो कड्याच्या कांठावर उभा आहे, त्यालाच तेवढा धक्का पुरतो.

श्रोतेहो, आतां एक टक्का ही गोष्ट क्षुल्लक वाटेल, आणि एका व्यक्तीपुरती ती तशीच आहे. वाढलेला रक्तदाब आणि तंबाखू हे शत्रु याहून कितीतरी मोठे आहेत. हवेला दोष देऊन त्यांना मोकळें सोडणें शहाणपणाचें होणार नाहीं. परंतु ज्या शहरांत रोज १०० जणांना झटका येतो असें धरलें, तेथें १० मायक्रोग्रॅमच्या वाढीनें सुमारें एकाची भर पडेल. ती एक व्यक्ति कोणती, हें जगांतील कोणताहि वैद्य सांगूं शकणार नाहीं. मृत्यूच्या दाखल्यावर 'हवा' असें कारण लिहिलें जात नाहीं. त्या घरचीं माणसें दैवाला बोल लावतील, आणि शहराच्या खातीं कांहींच जमा होणार नाहीं. लंडनला आपले ४,००० मृत्यु तरी दिसले, कारण ते थोड्याच दिवसांत आले. जेथें तेच मृत्यु वर्षभर थोडे थोडे पसरून येतात, तेथें पार्लमेंटांत कोणी थक्क होत नाहीं.

जागतिक आरोग्य संघटनेनें २०२१ सालीं चोवीस तासांच्या सरासरीची इष्ट मर्यादा १५ मायक्रोग्रॅम ठरविली. भारतानें २००९ सालीं ठरविलेली मर्यादा ६० ची आहे. हिंवाळ्यांत वारा पडला म्हणजे आपल्या कित्येक शहरांत हीहि ओलांडली जाते. अशा दिवशीं ज्यांना रक्तदाब, मधुमेह किंवा हृदयविकार आहे, ज्यांना एकदां झटका येऊन गेला आहे, त्यांनीं पहाटेचें फिरणें पुढें ढकलावें, औषधाची मात्रा चुकवूं नये. आणि कोणाचें तोंड वांकडें झालें, हात लुळा पडला किंवा वाचा अडखळली, तर चोळण्यांत, शेकण्यांत किंवा उद्यां पाहूं म्हणण्यांत वेळ दवडूं नये. तडक मोठ्या इस्पितळांत न्यावें. गुठळी विरघळविणारें औषध साधारणपणें साडेचार तासांच्या आंतच द्यावें लागतें, आणि तें देण्यापूर्वीं मेंदूचें छायाचित्र घ्यावें लागतें.

इतकें घरच्या माणसांच्या हातीं आहे. घराबाहेरची हवा कोणा एकाच्या हातीं नाहीं. म्हणूनच तिचा जाब नगरपालिकेला आणि सरकारला विचारावा लागतो. तो विचारतांना आंकडे जवळ असले पाहिजेत. कोणत्या दिवशीं हवेंत किती कण होते आणि त्या दिवशीं किती माणसें झटका येऊन इस्पितळांत आलीं, या दोन नोंदी प्रत्येक मोठ्या शहरानें शेजारीं शेजारीं ठेवून प्रसिद्ध कराव्या, एवढी मागणी कोणाहि नागरिकानें करण्याजोगी आहे. ग्राँटनें साध्या कागदावर जें केलें, तें आपल्या शहरांना आज अवघड जाऊं नये.