जामिनकीचा हिशेब

१८४१ च्या ऑगस्ट महिन्यांत बोस्टन शहराच्या पोलीस कोर्टांत एका दारुड्यास उभें करण्यांत आलें. त्याची रवानगी सुधारगृहांत व्हावयाची, इतक्यांत जॉन ऑगस्टस नांवाचा, जोडे शिवण्याचा धंदा करणारा एक गृहस्थ पुढें झाला व त्याला जामीन राहिला. तीन आठवड्यांनीं तोच मनुष्य इतका पालटून आला कीं, त्याला ओळखणेंहि कठीण झालें. न्यायाधीशानें एक सेंट दंड व कोर्टाचा खर्च एवढ्यावर त्याला सोडून दिलें.

ऑगस्टस १८५९ सालीं वारला, तोंपर्यंत तो १,९०० हून अधिक लोकांना जामीन राहिला होता. यांत मिळकत कसली, उलट पदरमोडच. शिवाय कैदी तुरुंगांत न गेल्यानें ज्यांची फी बुडे, ते अंमलदारहि नाराज असत. तथापि तो भोळा नव्हता. आरोपीचें पूर्वचरित्र, वय आणि पुढची संगत यांची चौकशी करूनच तो शब्द टाकी, आणि नोंद ठेवी. १८७८ सालीं मॅसॅच्युसेट्स संस्थानानें या कामासाठीं पगारी अधिकारी नेमण्याचा कायदा केला. मुंबई प्रांतांत असा कायदा १९३८ सालीं झाला.

परंतु पारखून घेतलेलीं माणसें सुधारलीं, तर श्रेय देखरेखीचें कीं पारखण्याचें? चांगुलपणास हिशेब विचारणें कोतेपणाचें वाटतें खरें. पण तो विचारला गेला बोस्टनच्याच शेजारीं, केंब्रिज व सॉमरव्हिल येथें. मुलें गुन्ह्याकडे वळूंच नयेत, म्हणून डॉ. रिचर्ड कॅबट यांनीं आंखलेला हा प्रयोग १९३९ सालीं सुरू झाला. ५०६ मुलांच्या जोड्या लावून, जोडींतील कोणास मदत द्यावयाची हें नाणें उडवून ठरविलें. सरासरी पांच वर्षें मार्गदर्शक घरीं जात. शिकवणी, औषधपाणी, उन्हाळी शिबिरें, कशांतहि उणें नव्हतें.

१९७८ सालीं जोन मॅकॉर्ड यांनीं पुढील तपासाचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. मदतीचा उपयोग झाला, असें बहुसंख्यांनीं आवर्जून सांगितलें. सरकारी नोंदी मात्र निराळें बोलत होत्या. शिक्षा झालेल्यांची संख्या घटली नव्हती. पुन्हां गुन्हा करणारे तर मदत मिळालेल्यांतच अधिक! नंतरच्या छाननींत दिसलें कीं, जीं मुलें एकाहून अधिक वेळां शिबिरास गेलीं, त्यांचीच हानि विशेष झाली. तेथें एकमेकांच्या व्रात्यपणास शाबासकी मिळत असावी, असा तर्क आहे.

१९९० सालीं अँड्र्यूज, बाँटा व होग या कॅनडांतील संशोधकांनीं मांडलें कीं, ज्याच्याकडून धोका अधिक, त्याच्यावर देखरेख व मेहनत अधिक घ्यावी. धोका थोडा, त्याला फारसें छेडूं नये. ऑगस्टसनें पारखून घेतलेलीं पुष्कळ माणसें या दुसऱ्या वर्गांत पडलीं असतीं.