बाळू पालवणकर आपले नव्हेत काय?

जॅकी रॉबिन्सनवरचा केन बर्न्स यांचा २०१६ चा माहितीपट आम्ही काही कार्यकर्त्यांनी मोशीत एकत्र बसून पाहिला. जवळपास चार तासांचा आहे, तरी चाकणहून शिफ्ट करून आलेली पोरंसुद्धा शेवटपर्यंत बसली. १५ एप्रिल १९४७ रोजी ब्रुकलिन डॉजर्सकडून मैदानात उतरून रॉबिन्सनने बेसबॉलमधली वर्णाची भिंत पाडली आणि पुढे तो नागरी हक्कांच्या लढ्यात उतरला. माहितीपट संपल्यावर प्रश्न आला, आपल्यात असा कोण? एकाला नाव सुचले, पण त्याने लगेच पुढे जोडले, "ते तर बाबासाहेबांच्या विरोधात उभे होते ना?"

होय, उभे होते. म्हणूनच त्यांच्याबद्दल लिहिले पाहिजे.

चांभार कुटुंबात जन्मलेले बाळू पालवणकर पुण्यात पारशांच्या क्रिकेट क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडत आणि रोलर फिरवत. पुढे युरोपियनांच्या पूना क्लबात गेले. तिथे साहेबांना नेटमध्ये गोलंदाजी करता करता त्यांची डावखुरी फिरकी तयार झाली. साहेबांना हरवायचे म्हटल्यावर पुण्याच्या हिंदू क्लबाला त्यांची आठवण झाली. आता गंमत बघा. त्यांनी टाकलेला चेंडू ब्राह्मण खेळाडू हातात घेत, पण चहाच्या वेळी बाळूंना पॅव्हेलियनबाहेर, मातीच्या भांड्यात चहा. जेवणाचे पान वेगळे. म्हणजे विटाळ चेंडूला लागत नव्हता, कपाला लागत होता! ज्यांना अस्पृश्यता ही 'स्वच्छतेची बाब' वाटते त्यांनी याचे उत्तर द्यावे.

१९०६ मध्ये मुंबईत हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरवले, त्यात बाळूंच्या गोलंदाजीचा मोठा वाटा होता. १९११ मध्ये पतियाळाच्या महाराजांच्या संघातून ते इंग्लंडला गेले आणि दौऱ्यात ११४ बळी घेऊन आले. परतल्यावर मुंबईत अस्पृश्य समाजाने त्यांचा सत्कार केला. ते मानपत्र तरुण भीमराव आंबेडकरांनी लिहिले होते, असे इतिहासकार रामचंद्र गुहा सांगतात. कॉलेजात शिकणाऱ्या भीमरावांना बाळूंचे किती अप्रूप असेल, याचा अंदाज त्यावरून करता येतो.

एवढे करूनही हिंदू संघाचे कप्तानपद त्यांना कधी दिले गेले नाही. १९२० मध्ये या अन्यायाविरुद्ध बाळूंचे भाऊ संघातून बाहेर पडले. तीन वर्षांनी धाकटे भाऊ विठ्ठल कप्तान झाले, तोवर बाळूंची खेळण्याची वर्षे सरली होती.

मग आले १९३२. अस्पृश्यांसाठी स्वतंत्र मतदारसंघ मिळाले आणि त्याविरुद्ध गांधीजी येरवड्यात उपोषणाला बसले. बाळू संयुक्त मतदारसंघांच्या बाजूने होते. २४ सप्टेंबरच्या पुणे करारावर बाबासाहेबांबरोबर त्यांचीही सही आहे, पण दोघांच्या सहीमागची कारणे वेगळी होती. बाबासाहेबांवर गांधीजींच्या प्राणाचे ओझे टाकले गेले होते, बाळूंना मात्र ती वाटच पटत होती. १९३७ मध्ये काँग्रेसने मुंबईत बाबासाहेबांसमोर त्यांनाच उभे केले. बाबासाहेबांना १३,२४५ मते, बाळूंना ११,२२५. फरक फक्त २,०२० मतांचा.

बाळूंना विकले गेलेले म्हणणे सोपे आहे. आम्हाला ते पटत नाही. मैदानात गुणाने दार थोडे उघडले, तसे समाजातही उघडेल, असा त्यांचा विश्वास असावा. त्यांच्या चुकीचा पुरावा त्यांच्याच आयुष्यात होता, तो त्यांनी वाचला नाही असे आमचे म्हणणे. बळी घ्यायला हिंदू संघाला बाळू हवे होते, संघ कोणाच्या हाती द्यायचा हे मात्र संघच ठरवणार होता. संयुक्त मतदारसंघात राखीव जागेचेही तेच होते. उभा आपला माणूस राहतो, पण निवडून कोण येणार हे इतरांची मते ठरवतात. १९५२ च्या लोकसभा निवडणुकीत मुंबईत काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांकडून खुद्द बाबासाहेब हरले ते याच व्यवस्थेत.

रॉबिन्सनचेही पान पूर्ण पांढरे नाही. १९४९ मध्ये तो अमेरिकी संसदेच्या समितीपुढे पॉल रॉबसनच्या विरोधात बोलला. रॉबसन स्वतः फुटबॉलचा नामवंत खेळाडू, गायक आणि लढवय्या. १९६० मध्ये रॉबिन्सन निक्सनच्या प्रचारातही होता. १९७२ च्या आत्मचरित्रात त्याने लिहिले की तसे बोलावणे आता आले तर नाकारीन. काळ्या समाजाने ना रॉबसनला टाकले, ना रॉबिन्सनला. दोघांचाही हिशेब ते उघडपणे मांडतात.

आपल्याकडे पुणे करारावर सही करणारे पां. ना. राजभोजही एकेकाळी विरोधी गोटात होते. पुढे तेच शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनचे सरचिटणीस झाले. बाळू तसे परत आले नाहीत आणि १९५५ मध्ये वारले. पण त्यांना विसरलो तर ज्यांनी त्यांना पॅव्हेलियनबाहेर चहा दिला त्यांचेच काम आपण पुढे नेऊ.

मोशीच्या शेजारचा पिंपरी विधानसभा मतदारसंघ राखीव आहे, महापालिकेतले प्रभागही राखीव असतात. पुढच्या निवडणुकीत आपल्या जातीचा उमेदवार दारात आला की पोरांनी त्याला एवढेच विचारावे : तुमचे नाव कोणी ठरवले, आणि कप्तान कोण?