स्वतंत्र मजूर पक्ष

मुंबई इलाख्यातील कामगार, कुळे व दलित यांचा राजकीय पक्ष. डॉ. भीमराव रामजी आंबेडकर यांनी तो ऑगस्ट १९३६ मध्ये स्थापन केला. जनता हे साप्ताहिक त्याचे मुखपत्र म्हणून काम करी. जुलै १९४२ मध्ये नागपूर येथे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशनची स्थापना झाली आणि या पक्षाचे पर्व संपले. सहाच वर्षांच्या या आयुष्यात पक्षाने जात आणि मजुरी हे दोन प्रश्न एकाच जाहीरनाम्यात आणले. महाराष्ट्राच्या राजकारणातले त्याचे स्थान त्यावरून ठरते.

पक्षाची मुळे परळ-लोअर परळच्या गिरणगावात आहेत. आंबेडकर १९१२ ते १९३४ परळच्या पोयबावडीतील बीआयटी चाळीत राहत. त्यांच्या बहिष्कृत हितकारिणी सभेचे कार्यालय परळच्या दामोदर हॉलमध्ये होते. आजूबाजूला गिरण्या, डिलाइल रोडच्या (आताचा ना. म. जोशी मार्ग) बीडीडी चाळी, सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्या आणि मजल्यावरचे सामाईक नळ व संडास. कामावर घेणे-काढणे जॉबरच्या (मुकादमाच्या) मर्जीवर चाले आणि बदली कामगाराला सकाळी दारात उभे राहिल्यावरच त्या दिवसाची मजुरी मिळणार की नाही ते कळे. दलित कामगारांवर याखेरीज आणखी एक बंदी होती. विणकामाच्या खात्यात, म्हणजे साचाखात्यात, मजुरी अधिक मिळे; पण तिथे धोट्यातील धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. म्हणून सवर्ण कामगार दलितांना त्या खात्यात येऊ देत नसत. १९२८ च्या मोठ्या संपात आंबेडकरांनी ही बंदी उठवण्याचा आग्रह धरला आणि संपनेत्यांना या प्रश्नाची दखल घ्यावी लागली. मालकाविरुद्ध एकजूट करणारे कामगार आपापसात मात्र विटाळ पाळतात, हा गिरणीच्या दारातला अनुभव पक्षाच्या साऱ्या विचारामागे आहे. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेतील दलित कामगारांच्या परिषदेत आंबेडकरांनी ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू असल्याचे सांगितले. ब्राह्मणशाही म्हणजे ब्राह्मण जात नव्हे, तर समता, स्वातंत्र्य व बंधुत्व नाकारणारी वृत्ती, हा खुलासाही त्यांनी तिथेच केला.

जाहीरनामा त्या काळाच्या मानाने फार पुढचा होता. आवश्यक तिथे उद्योगांची मालकी व व्यवस्थापन सरकारने हाती घ्यावे. कामगारांची भरती, बडतर्फी व बढती यांवर कायद्याचे नियंत्रण असावे. कामाचे तास ठरवून द्यावेत, पुरेसे वेतन व भरपगारी रजा द्यावी. स्वस्त व आरोग्यदायक घरे बांधावीत. बेकारांना जमिनीवर वसवून आणि सार्वजनिक बांधकामे काढून काम द्यावे, अशी कलमे त्यात होती. शेतीसाठी भूतारण बँका, उत्पादकांच्या सहकारी संस्था आणि खोत-तालुकदारांपासून कुळांना संरक्षण होते. तंत्रशिक्षणावर विशेष भर होता. धर्मादाय निधीतील शिल्लक शिक्षणासारख्या ऐहिक कामांसाठी वापरावी आणि सरकारी कारभार कोणत्याही एका जातीची मक्तेदारी होऊ नये, ही दोन कलमे इतर पक्षांच्या कार्यक्रमांत सहसा आढळत नाहीत. खेड्यांसाठी स्वच्छता व घरबांधणीबरोबरच सभागृह, वाचनालय आणि फिरता सिनेमा यांचाही विचार केला होता. गरिबाला भाकरीइतकीच वाचनालयाची गरज आहे, असे मानणारा कार्यक्रम १९३६ साली मांडला गेला, ही गोष्ट आजही मोलाची वाटते.

फेब्रुवारी १९३७ च्या प्रांतिक निवडणुकीत पक्षाने सतरा उमेदवार उभे केले आणि त्यांतील बहुतेक विजयी झाले. भायखळा-परळ मतदारसंघात आंबेडकरांच्या विरोधात काँग्रेसने विख्यात क्रिकेटपटू पळवणकर बाळू यांना उभे केले होते. बाळू स्वतः चर्मकार समाजातले होते आणि खेळाडू म्हणून त्यांना सर्वत्र मान होता. आंबेडकरांना १३,२४५ आणि बाळूंना ११,२२५ मते पडली. पक्षातर्फे भाऊराव गायकवाड, रा. रा. भोळे, दौलतराव जाधव, प्र. ज. रोहम हे दलित कार्यकर्ते विधानसभेत गेले. त्यांच्याबरोबर अनंतराव चित्रे, सुरबानाना टिपणीस, शामराव परुळेकर हे सवर्ण सहकारीही होते. केवळ एका जातसमूहाचा पक्ष अशी ज्यांची समजूत आहे त्यांनी ही नावे ध्यानात घ्यावीत.

विधानसभेतील कामात खोतीचा, म्हणजे कोकणात सरकार व कुळे यांच्यामध्ये बसून वसुली करणाऱ्या खोतांच्या पद्धतीचा, प्रश्न सर्वांत मोठा होता. गिरणगावातला कामगार मोठ्या प्रमाणात रत्नागिरी-कुलाब्याकडचा; त्याची मनिऑर्डर गावी जाई आणि घरचे लोक खोताची जमीन कसत. त्यामुळे खोती हा चाळीतल्या बिऱ्हाडाचाही प्रश्न होता. १७ सप्टेंबर १९३७ रोजी आंबेडकरांनी खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १० जानेवारी १९३८ रोजी वीस हजारांच्या आसपास शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईच्या कौन्सिल हॉलवर गेला. बाळ गंगाधर खेरांच्या काँग्रेस मंत्रिमंडळाने विधेयक पुढे सरकू दिले नाही आणि १९३९ मध्ये मंत्रिमंडळच पायउतार झाले.

त्याच मंत्रिमंडळाने आणलेले औद्योगिक तंट्यांचे विधेयक समेटाची प्रक्रिया पुरी होण्याआधीचा संप गुन्हा ठरवत होते. माणसाला त्याच्या इच्छेविरुद्ध कामाला जुंपणे म्हणजे गुलामी, असा आंबेडकरांचा युक्तिवाद होता. ७ नोव्हेंबर १९३८ रोजी एक दिवसाचा संप झाला. परळच्या कामगार मैदानावर आंबेडकर आणि कम्युनिस्ट नेते श्रीपाद अमृत डांगे एका व्यासपीठावर आले. १९२९ च्या गिरणी संपाला आंबेडकरांनी विरोध केला होता, हे लक्षात घेता ही जवळीक लहानसहान नव्हती. ती टिकली मात्र नाही. संपाच्याच आठवड्यात, १० नोव्हेंबरला, पक्षाचे आमदार रोहम यांनी संततिनियमनाचा ठराव विधानसभेत मांडला. ठरावावरचे भाषण आंबेडकरांनी तयार केले होते. वारंवारच्या बाळंतपणांनी स्त्रीचे शरीर झिजते, हे सभागृहात उघडपणे सांगणाऱ्या या ठरावाला पुरेसा पाठिंबा मिळाला नाही.

पक्षाची संघटना मुंबई इलाख्याबाहेर फारशी पसरली नाही आणि गिरण्यांत कम्युनिस्टांच्या तोडीची युनियन उभी राहिली नाही. परुळेकर पुढे कम्युनिस्ट पक्षात गेले. १९४२ मध्ये घटनात्मक वाटाघाटींत दलितांचे स्वतंत्र प्रतिनिधित्व हा निकडीचा प्रश्न झाला, तेव्हा आंबेडकरांनी मजुरांच्या व्यापक पक्षाऐवजी फेडरेशनचा मार्ग घेतला. तो निर्णय त्या घडीला अपरिहार्य होता. पण त्यामुळे जात व वर्ग यांना एकत्र बांधणारा प्रयोग अर्ध्यावर थांबला.

कार्यक्रमातील बरीच कलमे नंतर कायद्यात उतरली. आंबेडकर व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री असताना सेवायोजन कार्यालये सुरू झाली आणि १९४६ मध्ये कारखान्यांतील आठवडा अठ्ठेचाळीस तासांचा झाला. खोती १९४९ च्या कायद्याने गेली, महारांना वंशपरंपरेने गावकीला बांधून ठेवणारे महार वतन १९५८ च्या कायद्याने. स्वस्त व आरोग्यदायक घरांचे कलम मात्र सर्वांत जास्त रेंगाळले : डिलाइल रोडसह मुंबईतील बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाचे भूमिपूजन २०१७ मध्ये झाले.