एजन्सी सगळ्यात शेवटी आली

सांस्कृतिक उद्योगांना मदत करणारी एजन्सी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर क्रम येतो तो असा: आधी धोरण, मग कार्यालय, मग निधी, आणि मग कलाकार. इंग्लंडमधल्या शेफिल्डचा इतिहास वाचायला घेतलात तर हा क्रम बरोब्बर उलटा दिसेल.

शेफिल्ड म्हणजे पोलादाचं गाव. 1980 च्या आसपास कारखाने धडाधड बंद पडू लागले आणि हजारोंचा रोजगार गेला. त्याच गावात तेव्हा 'कॅबरे व्होल्टेअर', 'ह्यूमन लीग' असे बँड सिंथेसायझरवर नवं संगीत करत होते. 1981 मध्ये 'ह्यूमन लीग'चा 'डेअर' हा अल्बम प्रचंड गाजला. पण तो रेकॉर्ड झाला कुठे? रेडिंगजवळ, निर्माता मार्टिन रशंट याच्या स्टुडिओत. म्हणजे बघा, गाणारे शेफिल्डचे, पण स्टुडिओचं भाडं, तंत्रज्ञांचा पगार, कंपनीचा नफा, सगळं गावाबाहेर!

महापालिकेला हे खुपलं. त्याच वर्षी तिने रोजगार आणि आर्थिक विकासाचा स्वतंत्र विभाग काढला होता, आणि माझ्या मते सगळी गोम इथेच आहे. संगीताकडे पालिका वळली ती कलाप्रेमापोटी नव्हे. तिला बेकार पोरांसाठी कामं हवी होती. रेल्वे स्टेशनजवळच्या ओस पडलेल्या इमारती हाताशी होत्याच. एका जुन्या पीठगिरणीत 'लेडमिल' हे कलाकेंद्र 1980 मध्येच सुरू झालं होतं. 1986 मध्ये पालिकेने स्वतःच्या मालकीचा रेकॉर्डिंग स्टुडिओ उघडला, तिथे बेकारांना प्रशिक्षणही मिळायचं. त्याचं नाव 'रेड टेप'! रेकॉर्डिंगची टेप आणि सरकारी लालफीत, दोन्ही एकाच नावात. (असा विनोद करणारी पालिका मला तरी दुसरी आठवत नाही.) पुढे 1930 च्या दशकातल्या एका मोटारींच्या शोरूममध्ये छोट्या व्यवसायांसाठी 'वर्कस्टेशन' आणि 1995 मध्ये 'शोरूम' हे चित्रपटगृह आलं. या भागाला 'कल्चरल इंडस्ट्रीज क्वार्टर' म्हणू लागले.

या भागाची स्वतंत्र एजन्सी आली ती त्यानंतर, 1990 च्या दशकाच्या अखेरीस. तोवर लंडनमधली भाषाही बदलली होती. 1998 मध्ये सरकारने 'क्रिएटिव्ह इंडस्ट्रीज'चा नकाशा काढला. त्यात 13 क्षेत्रं होती, अगदी जाहिरात आणि सॉफ्टवेअरसुद्धा. बेकार पोरांचा प्रश्न हळूहळू मागे पडला. गुंतवणूक, जागा, शहराची प्रतिमा हे शब्द पुढे आले.

आता जमाखर्च बघा. मार्च 1999 मध्ये दीड कोटी पौंड खर्चून लोकप्रिय संगीताचं राष्ट्रीय केंद्र इथेच उघडलं. चार प्रचंड पोलादी ड्रमसारखी इमारत, वर्षाला 4 लाख प्रेक्षकांची अपेक्षा. प्रेक्षक फिरकलेच नाहीत, 2000 च्या उन्हाळ्यात टाळं लागलं, आणि ती इमारत पुढे विद्यार्थी संघटनेकडे गेली. त्याच वर्षी 1989 पासून शेफिल्डमध्ये वाढलेली 'वॉर्प रेकॉर्ड्स' कंपनी लंडनला निघून गेली. 1981 मध्ये पालिकेला जे खुपलं होतं, नेमकं तेच पुन्हा घडलं, आणि या वेळी गावात स्टुडिओ होता, चित्रपटगृह होतं, एजन्सीसुद्धा होती.