श्रूजबरीचा हिवाळा : मोटारीची निगा आणि बर्फातील वाहनचालन

मॅसॅच्युसेट्स राज्याच्या मध्यभागी, वुस्टर शहराच्या पूर्वेस श्रूजबरी हे टुमदार गाव वसले आहे. गाव आणि शहर यांच्या मधोमध क्विन्सिगमंड हे लांबट सरोवर आहे. रूट ९ आणि आंतरराज्य महामार्ग २९० हे दोन्ही रस्ते पुलांवरून ते सरोवर ओलांडतात. गेल्या काही दशकांत येथे भारतीय कुटुंबे मोठ्या संख्येने स्थायिक झाली असून त्यांत मराठी घरेही आहेत. कामावर जाणे, मुलांना शाळेत सोडणे, किराणा आणणे ही सारी कामे मोटारीवाचून होत नाहीत. त्यामुळे पुण्याहून किंवा नागपूरहून आलेल्या कुटुंबाला पहिल्याच हिवाळ्यात बर्फातील वाहनचालनाला सामोरे जावे लागते.

हा भाग समुद्रकाठच्या बॉस्टनपेक्षा उंचावर आहे. बॉस्टनला पाऊस पडत असताना वुस्टर परिसरात बर्फ पडतो, हा नेहमीचा अनुभव. वुस्टरला वर्षाकाठी सरासरी सुमारे ७० इंच बर्फ पडतो. जानेवारी २०१५ मधील एकाच वादळात तेथे ३४.५ इंच बर्फाची नोंद झाली आणि गव्हर्नर चार्ली बेकर यांनी राज्यात वाहतूकबंदी जाहीर केली होती.

घर्षणाचा हिशेब

बर्फावरील बहुतेक अपघातांच्या मुळाशी घर्षणाचा अभाव असतो. ताशी ३० मैल वेगाने जाणारी मोटार ब्रेक लागल्यापासून कोरड्या डांबरी रस्त्यावर साधारण ४५ फुटांत थांबते. दाबलेल्या बर्फावर तिला दीडशे फुटांच्या आसपास अंतर लागते, तर गुळगुळीत बर्फाच्या थरावर तीनशे फूट. म्हणजे तीन गाड्यांच्या लांबीऐवजी वीस गाड्यांची लांबी. चालकाची प्रतिक्रिया होईपर्यंत कापले जाणारे अंतर यात धरलेले नाही. वेग निम्मा केला की हे अंतर एक चतुर्थांश होते. म्हणून बर्फात वेग कमी करणे हाच सर्वांत प्रभावी उपाय ठरतो.

चारही चाकांना शक्ती पुरवणारी गाडी घेतली की बर्फाची चिंता मिटली, असा समज नवागतांमध्ये आढळतो. अशी गाडी चढावर सहज निघते, हे खरे. ब्रेक मात्र प्रत्येक गाडीला चारही चाकांना असतातच. थांबताना आणि वळताना तिला इतर गाड्यांहून अधिक पकड मिळत नाही. ती पकड टायरवर अवलंबून असते.

ऑक्टोबरमध्ये करावयाची कामे

*टायर.* सर्व ऋतूंसाठी म्हणून विकल्या जाणाऱ्या टायरचे रबर सुमारे ४५ अंश फॅरनहाइटच्या (७ अंश सेल्सिअस) खाली कडक होऊ लागते. हिवाळी टायरचे रबर थंडीतही मऊ राहते. तीन शिखरांच्या डोंगरात हिमकण, असे चिन्ह त्यांच्या बाजूवर असते. हिवाळी टायर बसवायचे तर चारही बसवावेत. दोनच बसवल्यास पुढील व मागील पकडीत फरक पडून गाडी फिरण्याचा धोका वाढतो.

टायरच्या खाचांची खोली एका इंचाच्या २/३२ भागापेक्षा कमी असल्यास गाडी राज्याच्या वार्षिक तपासणीत अनुत्तीर्ण होते. बर्फासाठी ही मर्यादा अपुरी असून निदान ४/३२ खोली हवी. तपासण्याची सोपी रीत अशी : २५ सेंटचे नाणे वॉशिंग्टनचे डोके खाली करून खाचेत उभे धरावे. डोक्याचा माथा पूर्ण दिसत असेल, तर टायर बदलण्याची वेळ आली आहे.

तापमान दर १० अंश फॅरनहाइटने उतरले की टायरमधील हवेचा दाब सुमारे १ पीएसआयने घटतो. सप्टेंबरच्या उबदार दिवशी ३३ दाब भरलेल्या गाडीत जानेवारीच्या कडाक्यात २७ उरू शकतो. योग्य दाबाचा आकडा चालकाच्या दाराच्या चौकटीवरील पट्टीवर दिलेला असतो. टायरच्या बाजूवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो. दाब नेहमी गाडी चालवण्यापूर्वी, टायर थंड असताना मोजावा.

*बॅटरी.* शून्य अंश सेल्सिअसला बॅटरीची शक्ती सुमारे एक तृतीयांशाने घटते. शून्य अंश फॅरनहाइटला, म्हणजे उणे १८ सेल्सिअसला, ती निम्म्याहूनही कमी राहते. त्याच वेळी घट्ट झालेल्या तेलामुळे इंजिन फिरवायला अधिक शक्ती लागते. म्हणून तीन-चार वर्षे वापरलेली बॅटरी थंडीपूर्वी तपासून घ्यावी.

*द्रवपदार्थ.* कूलंट आणि पाणी यांचे समप्रमाण मिश्रण उणे ३४ अंश फॅरनहाइटपर्यंत गोठत नाही. नुसते पाणी गोठताना फुगते आणि इंजिनला तडा देऊ शकते. काच धुण्याचा उन्हाळी द्रव नळ्यांतच गोठतो, म्हणून उणे २० अंशांपर्यंत टिकणारा द्रव भरावा. मिठाच्या चिखलाने काच वारंवार माखते, त्यामुळे त्याची एक बाटली गाडीत ठेवावी. इंधनाची टाकी निम्म्याच्या खाली जाऊ देऊ नये. विजेच्या मोटारीचा पल्ला थंडीत बराच कमी होतो, हे लक्षात घेऊन चार्जिंगचे नियोजन करावे.

*तपासणी.* मॅसॅच्युसेट्समध्ये गाडीची वार्षिक तपासणी सक्तीची आहे. नव्याने नोंदणी केलेल्या गाडीची तपासणी सात दिवसांत करावी लागते. टेक्सास किंवा फ्लोरिडातून आलेली जुनी गाडी घेणाऱ्याने टायर, कूलंट आणि काच धुण्याचा द्रव आवर्जून पाहावेत. उष्ण प्रदेशात वापरलेल्या गाडीत यांपैकी काहीच हिवाळ्याला साजेसे नसण्याची शक्यता असते.

निघण्यापूर्वी

काचेवर बर्फाचा थर असताना त्यावर गरम पाणी ओतण्याचा मोह होतो, परंतु अचानक तापल्याने काच तडकते. काच पुसण्याची फळी आणि खरवड यांनीच बर्फ काढावा. केवळ समोरच्या काचेत चौकोन करून निघणे धोक्याचे आहे. सर्व काचा, दिवे आणि छप्पर साफ करावे. छपरावर गोठलेला थर महामार्गावर सुटून मागील गाडीच्या काचेवर आदळतो किंवा ब्रेक लावताच स्वतःच्याच काचेवर घसरतो. अशा गाडीच्या चालकाला पोलीस दंड करू शकतात. २०१५ पासून राज्यात वायपर चालू असताना पुढचे दिवे लावणेही बंधनकारक आहे.

इंजिन तापवण्यासाठी गाडी घराला लागून असलेल्या गॅरेजमध्ये चालू ठेवू नये, दार उघडे असले तरीही. कार्बन मोनॉक्साइड हा वास आणि रंग नसलेला वायू घरात शिरतो. मुळात आधुनिक इंजिनाला दीर्घ काळ तापवण्याची गरज नसते. मिनिटभराने निघून सुरुवातीला सावकाश चालवणे पुरेसे आहे.

लहान मुलांविषयी एक बाब अनेक पालकांच्या ध्यानात येत नाही. फुगीर जाकिटावरून बालआसनाचे पट्टे आवळले, तरी अपघाताच्या धक्क्याने जाकीट दबते आणि पट्टे सैल पडतात. मुलाला पातळ स्वेटरवर पट्टे बांधून जाकीट किंवा पांघरूण वरून घालावे.

रस्त्यावर

कोरड्या रस्त्यावर पुढील गाडीपासून तीन सेकंदांचे अंतर पुरते, बर्फात ते आठ ते दहा सेकंद ठेवावे. पुढील गाडीने एखादा खांब ओलांडल्यावर स्वतःची गाडी तेथे पोहोचेपर्यंत मनात मोजावे. क्रूझ कंट्रोल बंद ठेवावा. वेग वाढवणे, ब्रेक लावणे आणि वळणे या तिन्ही क्रिया सावकाश कराव्यात, आणि शक्यतो एकाच वेळी दोन करू नयेत.

श्रूजबरीहून वुस्टरकडे जाताना रूट ९ सरोवराकडे उतरतो, केनेथ बर्न्स स्मारक पूल ओलांडतो आणि पलीकडे बेलमाँट स्ट्रीटचा चढ सुरू होतो. उतार, पूल आणि चढ लागोपाठ येणारा हा मार्ग हिवाळ्याचे धडे एकत्र देतो. उतारावर खंडाळ्याच्या घाटात करतात तसे आधीच खालच्या गिअरमध्ये यावे, मात्र गिअर बदलताना झटका बसू देऊ नये. पुलाखालून थंड वारा वाहत असल्याने आणि जमिनीची ऊब मिळत नसल्याने पूल रस्त्याच्या आधी गोठतो. चढावर मध्येच थांबण्याची वेळ येऊ नये, म्हणून पुढील गाडी वर जाईपर्यंत पायथ्याशी अंतर ठेवावे.

सर्वांत फसवा प्रकार म्हणजे काळा बर्फ. तो पारदर्शक असल्याने रस्ता केवळ ओला भासतो. दिवसा वितळलेले पाणी सूर्यास्तानंतर गोठते, तेव्हा आणि पहाटे तो अधिक आढळतो. गाडीतील तापमापक ३५ अंश दाखवत असला, तरी रस्त्याचा पृष्ठभाग गोठणबिंदूखाली असू शकतो. रस्त्यावर टाकलेले मीठ सुमारे १५ अंश फॅरनहाइटच्या खाली फारसे काम करत नाही. त्यामुळे मीठ टाकलेला रस्ताही कडाक्याच्या रात्री निसरडा असतो.

गाडी घसरू लागल्यास प्रथम ॲक्सिलरेटरवरून पाय काढावा. मागील चाके सरकत असतील, तर गाडीचे तोंड ज्या दिशेला असायला हवे त्या दिशेला स्टीअरिंग हळूवार वळवावे आणि नजरही तिकडेच ठेवावी. पुढची चाके सरकून गाडी वळेनाशी झाली, तर स्टीअरिंग अधिक फिरवू नये. वेग उतरून पकड परत येण्याची वाट पाहावी. एबीएस असलेल्या गाडीत तातडीने थांबायचे असल्यास ब्रेक घट्ट दाबून ठेवावा. पायाखाली जाणवणारी थरथर ही यंत्रणा काम करत असल्याची खूण होय.

महामार्ग २९० वर बर्फ लोटणारे ट्रक तिरक्या रांगेत एकमेकांमागे चालतात. त्यांना ओलांडू नये. त्यांच्या मागचा रस्ताच सर्वांत सुरक्षित असतो.

अडकल्यास

६ आणि ७ फेब्रुवारी १९७८ रोजी मॅसॅच्युसेट्सवर आलेल्या हिमवादळात बॉस्टनभोवतालच्या रूट १२८ वर तीन हजारांहून अधिक मोटारी आणि शेकडो ट्रक अडकले. लोक ऊब मिळावी म्हणून इंजिन चालू ठेवून बसले. बर्फाने धुराडी बुजली, विषारी वायू गाड्यांत साचला आणि काही जण जागच्या जागी दगावले. मराठी वाचकाला यावरून २६ जुलै २००५ ची मुंबई आठवेल. त्या दिवशी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि पाण्याने विजेची कुलुपे व काचा बंद पडल्यामुळे काही जण मोटारींतच गुदमरून गेले. दोन्ही ठिकाणी आश्रय वाटलेली बंद मोटारच घातक ठरली.

मात्र दोन्हींतील बचावाचा मार्ग वेगळा आहे. पुरात पाणी चढू लागताच गाडी सोडावी. हिमवादळात गाडीतच थांबावे, कारण पांढऱ्या धुळवडीत दिशा हरवते आणि थंडी लवकर ग्रासते. प्रथम धुराड्याभोवतीचा बर्फ काढावा आणि तो पुन्हा पुन्हा काढत राहावा. इंजिन तासाला दहा मिनिटेच चालवावे, त्या वेळी वाऱ्याविरुद्ध बाजूची काच किंचित उघडी ठेवावी. डोकेदुखी, मळमळ किंवा गुंगी जाणवताच इंजिन बंद करून ताजी हवा घ्यावी. मदतीसाठी ९११ वर कळवावे.

या प्रसंगासाठी गाडीत पुढील वस्तू ठेवाव्यात : लहान फावडे, खरवड, वाळूची पिशवी, जंपर केबल, विजेरी, पांघरुणे, हातमोजे, फोन चार्ज करण्याची सोय, नियमित औषधे आणि चिक्की किंवा चिवड्यासारखा टिकाऊ खाऊ.

बॅटरी उतरल्यास लाल केबलचे एक टोक उतरलेल्या बॅटरीच्या धन टोकाला आणि दुसरे चांगल्या बॅटरीच्या धन टोकाला लावावे. त्यानंतर काळ्या केबलचे एक टोक चांगल्या बॅटरीच्या ऋण टोकाला जोडून दुसरे बंद गाडीच्या इंजिनवरील रंग नसलेल्या धातूला लावावे. केबल काढताना क्रम उलटा ठेवावा. बॅटरी गोठलेली किंवा फुगलेली दिसल्यास हा प्रयत्न करू नये.

न निघण्याचा निर्णय

मीठ गाडीचा तळ आणि ब्रेकच्या नळ्या गंजवते, म्हणून हिवाळाभर अधूनमधून आणि वसंतात एकदा तळ धुऊन घ्यावा. परंतु कितीही निगा राखली, तरी काही दिवस गाडी घराबाहेर काढण्याचे नसतात. त्याचा निर्णय सकाळच्या घाईत न घेता आदल्या संध्याकाळी घ्यावा. राष्ट्रीय हवामान सेवेचा इशारा पाहावा, घरून काम करण्याची मुभा मागून ठेवावी, डॉक्टरांची तातडीची नसलेली भेट पुढे ढकलावी. रस्त्यावर गाडी उभी करण्यावर गावाने बंदी घातली आहे का, तेही पाहावे. पावसाळ्यात वर्षासहलीला निघण्याची सवय असलेल्या मनाला घरी थांबणे जड जाते, आणि पहिला हिवाळा असेल तर बर्फाचे आकर्षणही असते. ते आकर्षण अंगणात पुरे करावे. रस्ते मोकळे होईपर्यंतचा एक दिवस हातचा गेला, तरी फारसे बिघडत नाही.