बागायतदार घराणे (फैजपूर परिसर)

जळगाव जिल्ह्याच्या यावल व रावेर तालुक्यांत मोठी जमीन, विहिरीचे बागाईत, वाडा आणि सालदार (सालाने ठेवलेले शेतगडी) यांवर उभे राहिलेले एकत्र कुटुंब. मुख्यतः लेवा पाटीदार समाजात, तसेच गुजर, मराठा व इतर शेतकरी जातींतही अशी घराणी होती. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात त्यांचा विस्तार आटला; मात्र जमीन बहुतांशी त्यांच्याच वंशजांच्या नावावर राहिली. म्हणून या घराण्यांचा ऱ्हास मालमत्तेपेक्षा कुटुंबसंस्थेचा अधिक आहे.

पूर्वपीठिका : सातपुड्याचा पायथा आणि तापी यांमधील हा काळ्या कसदार जमिनीचा पट्टा 1818 नंतर इंग्रजी अमलाखाली येऊ लागला. रयतवारी पद्धतीत सारा थेट खातेदाराकडून घेतला जाई, त्यामुळे देशमुख-पाटील या वतनदारांखेरीज कष्टकरी कुणबी कुटुंबांनाही जमीन वाढवण्यास वाव मिळाला. फैजपूर तेव्हा छापील कापड, निळा व तांबडा रंग आणि सातपुड्यातील इमारती लाकडाचा बाजार यांसाठी प्रसिद्ध होते. घराण्यांचे सागवानी खांब-तुळयांचे, धाब्याचे वाडे याच लाकडावर उभे राहिले.

पहिली मोठी तेजी दूरच्या युद्धाने आणली. अमेरिकेतील यादवी युद्धात (1861–65) दक्षिणेकडील बंदरांची नाकेबंदी झाली, लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा गुलामांच्या श्रमावरचा कापूस अडला आणि मुंबईत कापसाचे भाव भडकले. खानदेशाच्या कापसाला सोन्याचा भाव आला. याच दशकात रेल्वेही भुसावळपर्यंत पोहोचली. 1865 मध्ये भाव कोसळले, तेव्हा तेजीच्या भरवशावर काढलेली कर्जे अंगावर आली व अनेक जमिनी सावकाराकडे गहाण पडल्या.

घडण : कापसाच्या जोडीला आलेली केळी विसाव्या शतकात घराण्यांचा कणा बनली. मोटेवरची बाग पुढे ऑइल इंजिनावर आणि नंतर विजेच्या पंपावर आली. केळी दीड बाय दीड मीटर अंतरावर लावल्यास हेक्टरी सुमारे 4,444 झाडे बसतात. मृगबाग व कांदेबाग हे लागवडीचे हंगाम, निसवण (घड बाहेर पडणे), कापणी आणि पुढे पिलबाग (खोडवा) असे हे चक्र वर्षभर माणसे गुंतवून ठेवते. सावदा व रावेर स्थानकांवरून केळी उत्तर भारतात जाऊ लागली.

घराचा कारभार वडीलधाऱ्या कर्त्याच्या हाती, तर कोठी व स्वयंपाकघर थोरल्या सासूच्या ताब्यात असे. शेतीचे वर्ष आखाजीला (अक्षय्य तृतीया) सुरू होई. त्या दिवशी सालदाराचा हिशेब मिटे, नवा मोबदला ठरे आणि काही रक्कम उचल म्हणून दिली जाई. उचल फिटली नाही तर पुढचे सालही त्याच घरी काढावे लागे. तडवी, भिल्ल, पावरा व दलित कुटुंबांतील श्रमिकांवर बागांची मोठी भिस्त होती. अमेरिकी मळ्यांतील गुलामगिरी येथे नव्हती आणि मालकही शेतात राबत. तरी उचलीचा पाश व जातीची उतरंड यांमुळे हे नाते बरोबरीचे नव्हते. लेवा समाजात पाडळसे येथील भोरगाव पंचायत (समाजाची पंचायत) व तिचा कुटुंबनायक (प्रमुख) यांचा शब्द घरगुती तंट्यांतही मानला जाई.

ऱ्हासाची कारणे : एक कारण जमीनसुधारणा; तिची चाहूल याच परिसरात लागली होती. डिसेंबर 1936 मध्ये काँग्रेसचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन फैजपूरला भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू होते. उभारणीत खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी पुढे होते. सारा व खंडात सूट, कर्जातून सुटका, कुळाला स्थैर्य आणि शेतमजुराला पुरेशी मजुरी ही तेथे मंजूर झालेल्या शेतीविषयक कार्यक्रमाची कलमे होती. पुढील कायदे त्याच दिशेने गेले. परगणा व कुलकर्णी वतने 1951 मध्ये संपली, 1 एप्रिल 1957 या कृषक दिनाने कुळांना मालकीची वाट मोकळी केली आणि 1961 च्या कमाल जमीनधारणा कायद्याने बारमाही बागाइतास 18 एकरांची मर्यादा घातली. ही मर्यादा चुकवण्यासाठी अनेक ठिकाणी भाऊ व मुलगे यांच्या नावे कागदोपत्री वाटण्या झाल्या. पुढच्या पिढीत त्या प्रत्यक्षात उतरल्या.

वाटणीत शेताचे तुकडे पडले, विहिरीचे मात्र पाडता आले नाहीत. एकाच विहिरीवर तीन-चार मोटारी बसल्या. कोणाची पाळी कोणत्या वारी, हे वाटणीपत्रात लिहिले गेले आणि सातबाऱ्यावर विहिरीतील हिस्सा चढला. उपसा वाढत गेल्याने यावल व रावेर तालुके भूजलाच्या अतिउपशाच्या गटात गेले आणि ज्याच्याकडे खोल कूपनलिकेचा पैसा त्याचीच बाग टिकली. 1994 च्या राज्य दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मालमत्तेत जन्मसिद्ध हिस्सा दिला. तरी बहिणींकडून हक्कसोड लिहून घेण्याचा प्रघात उरला. रोजगार हमी योजना, वेठबिगारी निर्मूलनाचा 1976 चा कायदा आणि शिक्षण यांमुळे सालदार मिळेनासे झाले. वादळ, करपा आणि कुकुंबर मोझॅक विषाणू यांचा फटका लहान तुकड्याला अधिक बसू लागला.

सद्यःस्थिती : कर्तेपण वाड्यातून सहकारी संस्था, फळबागायतदारांचे संघ व शिक्षणसंस्था यांकडे सरकले; फैजपूरचे धनाजी नाना महाविद्यालय (1961) संस्थांकडे वळलेल्या या पिढीने उभे केले. तेथे शिकलेली मुले नोकरीसाठी पुणे-मुंबईला व परदेशी गेली. ठिबक आणि ऊतिसंवर्धित ग्रँड नैन रोपांनी एकरी उत्पन्न वाढवले, पण भांडवलही वाढवले. त्यामुळे बाहेरगावी असलेले वारस जमीन नफ्याने (रोख खंडाने) किंवा बटाईने (पिकाच्या वाट्याने) देतात. कसणाऱ्यांत पूर्वी त्याच घरी सालदार असलेल्यांची मुलेही आहेत. करार तोंडी असला तर पीकविमा व नुकसानभरपाई सातबाऱ्यावर नाव असलेल्याकडे जाण्याचा धोका राहतो आणि वादळाचा तोटा कसणाऱ्याच्या माथी येतो.